फ्लेक्सवरचा स्वर्ग आणि कबरीवरची माती

बेळगावच्या कॅम्पात, खानापूरच्या बाजारात किंवा निपाणीच्या एखाद्या चौकात ख्रिस्ती माणसाच्या निधनाचा फ्लेक्स लागतो, तो एकदा नीट वाचावा. वरच्या कोपऱ्यात क्रूस, मध्ये फोटो, नावाआधी ‘स्वर्गीय’, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि शोकाकुल म्हणून मित्रमंडळाची नावे. कोपऱ्यातला क्रूस झाकला तर हा फ्लेक्स कोणाचाही असू शकतो. त्याच वेळी मोबाईलवर ‘आरआयपी’ आणि जोडलेल्या हातांची रांग लागलेली असते. मेलेला माणूस कुठे गेला, पुढे त्याचे काय होणार, आपण त्याला पुन्हा भेटणार की नाही, यातले एक अक्षरही त्या फ्लेक्सवर नसते आणि त्या रांगेतही नसते.

सीमाभागातल्या आमच्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चच्या समुदायांमध्ये, स्वर्गावरचा विश्वास कोणी जाहीरपणे सोडलेला नाही. उपासनेत उभे राहून ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ सगळेच म्हणतात. ‘शरीराचे पुनरुत्थान व सार्वकालिक जीवन’ हे मतांगीकाराचे, म्हणजे विश्वासाच्या जाहीर कबुलीचे, शेवटचे शब्दही म्हणतात. पण तो विश्वास आता सौजन्याचा शब्द झाला आहे. मयताच्या घरी बोलायला बरा, एरवी कशालाच लागत नाही. आजूबाजूची संस्कृती इहवादी आहे हे खरे, पण तिने आमच्याशी वाद घालून आम्हाला हरवलेले नाही. आम्हीच बोलणे बंद केले. ते पुन्हा सुरू करायचे तर काय बोलायचे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय करायचे, हा या लेखाचा विषय आहे.

आधी एक घोळ बाजूला काढू. इहवादी राज्य वेगळे आणि इहवादी संस्कृती वेगळी. राज्य धर्मनिरपेक्ष आहे म्हणूनच आम्ही आहोत. २०११च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात ख्रिस्ती लोक एक टक्क्याहूनही कमी होते. इतक्या थोड्या माणसांना धर्मस्वातंत्र्य देणाऱ्या संविधानाच्या पंचविसाव्या कलमाशिवाय आधार कोणाचा? डिसेंबर २०२१मध्ये बेळगावच्याच सुवर्ण विधानसौधमध्ये भरलेल्या अधिवेशनात विधानसभेने धर्मांतरविरोधी विधेयक संमत केले. त्यातल्या ‘प्रलोभन’ या शब्दाच्या व्याख्येत भेटवस्तू, पैसा, नोकरी यांच्याबरोबर ‘चांगले जीवनमान’ आणि ‘दैवी कोप’ हेही आले. २०२२मध्ये तो कायदा झाला आणि २०२३मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो मागे घेण्याचे ठरवले. पण त्या काळात सवय लागली ती लागलीच. स्वर्ग, नरक, न्याय हे शब्द चार माणसांत उच्चारले तर कोणी प्रलोभन म्हणेल, कोणी धमकी म्हणेल, या भीतीने अनेकांनी ते घराबाहेर काढणेच बंद केले. तेव्हा राज्य इहवादी असावे, त्याने कोणाच्याही स्वर्गाची बाजू घेऊ नये, हे आम्ही मनापासून मागतो. आमचा वाद आहे तो माणसाची गोष्ट सरणावर किंवा कबरीतच संपते असे न बोलता गृहीत धरणाऱ्या जगण्याशी.

ते जगणे बाहेरचे नाही, आमच्याच घरातले आहे. दहावीनंतर रविवारी सकाळी क्लासची चाचणी असते. नीट, जेईई, सीईटी सगळ्यांना रविवारच सापडतो. दोन वर्षे मूल उपासनेला येत नाही आणि आईवडिलांना त्यात काही मोडल्यासारखे वाटत नाही, कारण पुढे एमबीबीएस आहे, बंगळूर आहे, पुणे आहे, आखात आहे. त्या मुलाला कोणी सांगितलेले नसते की स्वर्ग खोटा आहे. दोन वर्षांतल्या शंभरेक रविवारी त्याला एवढेच कळते की स्वर्ग थांबू शकतो, चाचणी थांबू शकत नाही. यावर उपदेश करून भागत नाही. मंडळीने वेळ बदलावी. जिथे असे विद्यार्थी चारपाच असतील तिथे शनिवारी सायंकाळी पाऊण तासाची उपासना ठेवावी: एक गीत, एक शास्त्रपाठ, दहा मिनिटांचे प्रवचन, मतांगीकार, प्रार्थना. कॅथोलिक मंडळीत शनिवार सायंकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरली जातेच. मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाच्या पाळकांनाही हे अवघड नाही.

आता शब्दाकडे येऊ, कारण आमची निम्मी गडबड शब्दातच आहे. या भागातल्या एकाच ख्रिस्ती गल्लीत तीन शब्द चालतात. मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, ‘स्वर्ग’. प्रॉटेस्टंट कन्नड शास्त्रात ‘परलोक’. कोकणी बोलणाऱ्या कॅथोलिक घरात ‘सर्ग’. तिन्ही शब्द वापरून गुळगुळीत झालेले आहेत, पण मराठी ‘स्वर्ग’ हा सर्वांत जास्त. आपल्या भाषेत हा शब्द ख्रिस्ती होण्याच्या कितीतरी आधी घडला. गीतेच्या नवव्या अध्यायात स्वर्ग हे पुण्याईवर मिळणारे सुख आहे, आणि पुण्य सरले की माणूस मृत्युलोकात परत येतो. वारकरी संतांनी तर स्वर्गाला फार किंमतच दिली नाही. तुकोबांनी देवाकडे मागताना मुक्ती आणि धनसंपदा दोन्ही बाजूला ठेवली, संतांची संगत मागितली आणि त्यासाठी पुन्हा गर्भवासही चालेल म्हटले. म्हणजे मराठी माणसाच्या कानात ‘स्वर्ग’ म्हटले की तात्पुरते, कमावलेले आणि काहीसे दुय्यम असे काही वाजते. हा त्या परंपरेचा दोष नाही, तिचा विचार तिच्या जागी खोल आहे. पण ख्रिस्ती माणूस तोच शब्द काही न सांगता उचलतो तेव्हा त्याच्या मनातही तेच शिरते: चांगला होता, पुण्य केले, स्वर्गात गेला.

ख्रिस्ती विश्वास असे म्हणतच नाही. तो दोन गोष्टी सांगतो आणि दुसरी आम्ही जवळजवळ विसरलो आहोत. पहिली, विश्वासात मेलेला माणूस प्रभूजवळ असतो. वधस्तंभावरच्या चोराला ‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ हे वचन मिळाले, तेही पुण्य जमवायला एक तास हाती नसताना. दुसरी, तिथेच गोष्ट संपत नाही. प्रभू पुन्हा येणार, मेलेले उठणार, शरीर नवे होणार, आणि नवे आकाश व नवी पृथ्वी होणार. बायबलचे शेवटचे पुस्तक असलेल्या प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायात माणसे वर उडत नाहीत, पवित्र नगरी खाली उतरते. ‘देवाचा मंडप मनुष्यांजवळ आहे’ असे तिथे म्हटले आहे. सर्वांत शेवटी पत्ता बदलतो तो देवाचा.

हे प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला पत्रातून सांगितले ते शेतकऱ्याच्या भाषेत: पेरले जाते ते विनाशी, उठवले जाते ते अविनाशी. खानापूर तालुक्यात भाताची पेरणी करणाऱ्या, निपाणीकडे तंबाखूचा तरवा टाकणाऱ्या माणसाला हे प्रवचनात वेगळे समजवावे लागू नये. तंबाखूचे बी तर इतके बारीक की चिमटीत शेकडो मावतात, आणि त्यातून छातीभर उंचीचे, हातभर पानाचे रोप येते. बी आणि रोप एकच आहे, पण सारखे नाही. पुनरुत्थित शरीराबद्दल शास्त्र जेवढे सांगते तेवढे त्या तरव्यात दिसते. त्यापुढे तिथे वय किती असेल, जेवण असेल का, यावर शास्त्र थोडकेच बोलते आणि आपणही थोडकेच बोलावे.

पौलाचे दुसरे वाक्य तर या जिल्ह्यासाठीच लिहिले असावे असे वाटते. ‘आपले नागरिकत्व स्वर्गात आहे; तेथून प्रभू येशू ख्रिस्त हा तारणारा येणार आहे.’ हे पत्र फिलिप्पैला गेले. ते गाव मासेदोनियातले, पण रोमची वसाहत. इसवी सनापूर्वी ४२ सालच्या लढाईनंतर तिथे रोमी शिपाई वसवले गेले. तिथला रोमी नागरिक रोममध्ये राहत नव्हता, एक दिवस रोमला परत जाऊ म्हणून बोचके बांधूनही बसला नव्हता. त्याचे काम होते मासेदोनियात रोमच्या कायद्याने राहणे. सीमाभागातल्या माणसाला हे कोणी शिकवायला नको. पत्ता एका राज्यात, मायबोली दुसरीकडची, २००४पासूनचा सीमावादाचा दावा सर्वोच्च न्यायालयात, आणि रोजचे जगणे इथल्याच रस्त्यावर, इथल्याच रेशन दुकानात. निकाल लागेपर्यंत शेत पडीक ठेवले असे कोणी केलेले नाही. स्वर्गाचे नागरिकत्व असे असते. ते इथून निसटण्याचा परवाना होत नाही. तिथला कायदा इथे पाळण्याची जबाबदारी त्यातून येते. आणि आमच्या बाकांवर मराठी आणि कन्नड बोलणारे शेजारी शेजारी बसतात, तेव्हा हे नागरिकत्व आमच्या दोन्ही अस्मितांच्या वरचे आहे, हे आम्हाला १ नोव्हेंबरलाही, म्हणजे कर्नाटक राज्योत्सव आणि मराठी भाषकांचा काळा दिन एकत्र येतात त्या दिवशीही, आठवावे लागते.

बुद्धिवादी मित्रांचे आक्षेप या भागात नवे नाहीत. कोल्हापूर आणि धारवाड दोन्ही जवळ. कोल्हापूरचे गोविंद पानसरे आणि धारवाडचे एम. एम. कलबुर्गी हे विचारवंत २०१५मध्ये गेले ते गोळ्यांनी, आणि विचाराला गोळीने उत्तर देणाऱ्यांशी ख्रिस्ती माणसाचे काही नाते असू शकत नाही. प्रश्नाला उत्तर द्यायचे असते, तेही प्रेषित पेत्राने सांगितल्याप्रमाणे सौम्यतेने. पहिला आक्षेप पुराव्याचा. स्वर्ग कोणी पाहिला? याला ‘श्रद्धा ठेवा’ हे उत्तर होत नाही. आमचा विश्वास एका घडलेल्या गोष्टीवर टेकलेला आहे आणि ती गोष्ट खोटी ठरली तर सगळे कोसळते, हे पौल स्वतःच म्हणतो: ख्रिस्त उठवला गेला नसेल तर तुमचा विश्वास निष्फळ आहे. करिंथकरांस पहिले पत्र वधस्तंभानंतर साधारण वीसपंचवीस वर्षांत लिहिले गेले. त्यात साक्षीदारांची यादी आहे, पाचशेहून अधिक बंधूंचा उल्लेख आहे आणि त्यातले बहुतेक अजून जिवंत आहेत असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे जाऊन विचारा. एवढ्याने पुनरुत्थान गणितासारखे सिद्ध होत नाही. पण ही मनाची समजूत घालायला रचलेली गोष्ट असती तर रचणाऱ्याने ती खोडून काढण्याची वाट दाखवून ठेवली नसती.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे, आणि तो टोचलाच पाहिजे. स्वर्गाचे आमिष दाखवून गरिबाला गप्प बसवले जाते. हे घडले आहे, चर्चच्या इतिहासात घडले आहे. मालकाने मजुराला ‘तुझे वर आहे’ म्हणून खाली द्यायचे टाळले आहे. पण त्यावर उतारा स्वर्गाचा विश्वास पातळ करण्यात नाही, तो पुरा सांगण्यात आहे. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ते ओरडणे सेनाधीश प्रभूच्या कानी जाते. निपाणीत हजार बिड्यांवर मजुरी मोजून घेणाऱ्या बाईच्या सुपातल्या बिड्या खराब म्हणून बाजूला काढून तिचे पैसे कापले जातात, तेव्हा तो हिशेब कुठे तरी लिहिला जातो की नाही? इहवादाच्या म्हणण्याप्रमाणे ती बाई आणि तो कारखानदार दोघेही मेले की हिशेब बंद. ख्रिस्ती विश्वासाच्या म्हणण्याप्रमाणे तो उघडला जाईल. ज्याला हे खरे वाटते तो त्या बाईला गप्प राहायला सांगू शकत नाही, आणि तो स्वतः मालक असेल तर रात्री झोपू शकत नाही. १८२०मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बेळगावला आले. पुढे ज्या बेनन आणि स्मिथ यांनी इथे शिक्षणाचे काम केले त्यांची नावे आजही शाळेवर आहेत. ही माणसे पृथ्वीला कंटाळलेली नव्हती. मेलेले उठणार असे मानणाऱ्यांना जिवंतांना अक्षर शिकवणे वाया जाणारे वाटत नाही. पौलाच्या त्या लांब अध्यायाचा शेवटही ‘तुमचे श्रम प्रभूमध्ये व्यर्थ नाहीत’ असा आहे.

इतके बोलून झाले तरी विश्वास डोक्यात टिकत नाही, हातापायांत टिकतो. आणि स्वर्गाच्या विश्वासाला हातपाय मिळतात ते दफनविधीत. आमची खरी घसरण तिथेच झाली आहे, म्हणून इथे जरा थांबू.

पूर्वी मृत्यू ते दफन हे अंतर चोवीस तासांचे असे. आता मुलगा आखातातून, मुलगी ऑस्ट्रेलियातून येईपर्यंत तीन-चार दिवस प्रेत शवागारात राहते. त्यात चूक काही नाही, पण ते दिवस रिकामे जातात. या रात्री घरात अर्धा तास प्रार्थना व्हावी. पहिल्या रात्री योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय, येशू मेलेल्या लाजराला उठवतो तो. त्यात येशू रडतो आणि त्याच अध्यायात ‘पुनरुत्थान व जीवन मीच आहे’ असेही म्हणतो. रडणे आणि आशा एकाच घरात बसू शकतात हे तिथे पहिल्यांदा कानावर पडते. दुसऱ्या रात्री योहानाचा चौदावा, तिसऱ्या रात्री पहिल्या करिंथचा पंधरावा. हा शेवटचा लांब आहे, अठ्ठावन्न वचने, म्हणून तो तिघांनी वाटून वाचावा. चहा नंतर.

चर्चमधल्या विधीत सर्वांत जास्त बिघडते ते मनोगतांनी. सहा-सात माणसे बोलतात, प्रत्येकी आठ-दहा मिनिटे. नोकरी कुठे केली, निवृत्त कधी झाले, मुले कुठे स्थिरावली, पतसंस्थेत काय काम केले. तास उलटतो आणि पाळकाला खूण केली जाते की आता आटपा, कारण कबरस्तानात माणसे खोळंबली आहेत. मग शास्त्रपाठ दोन मिनिटांत उरकतो. क्रम उलटा करावा. आधी गीत, शास्त्रपाठ, दहा-बारा मिनिटांचे पुनरुत्थानावरचे प्रवचन, मतांगीकार सगळ्यांनी उभे राहून, आणि मग कुटुंबाने ठरवलेली फक्त दोन माणसे, प्रत्येकी तीन मिनिटे. बाकीच्यांचे बोलणे महिन्याच्या स्मरणप्रार्थनेला ठेवावे. तिथे वेळ असतो आणि ऐकण्याची ताकदही परत आलेली असते. हे मंडळीच्या कमिटीने आधीच ठराव करून ठेवावे. मयताच्या घरी, त्या क्षणी, पाळकाने एकट्याने नाही म्हणायचे, हे त्याच्यावर अन्याय आहे.

कबरीपाशी तर दोन गोष्टी हाताने करायच्या असतात आणि त्याच यंत्राकडे गेल्या. खड्डा साधारण साडेसहा फूट लांब, अडीच फूट रुंद आणि पाच-सहा फूट खोल लागतो. खानापूरच्या पश्चिमेला जून ते सप्टेंबर हा खड्डा आदल्या दिवशी खणून ठेवला तर सकाळी निम्मा पाण्याने भरतो आणि बाजू ढासळतात. म्हणून त्याच दिवशी पहाटे खणावा, वर ताडपत्री बांधावी, कडेला फळ्या टाकाव्यात, उपसायला दोन बादल्या ठेवाव्यात. शवपेटी सोडताना दोन मजबूत दोर आणि चार ते सहा माणसे, सोडणाऱ्यांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघत. जेसीबीने खणले तरी चालेल. पण जेसीबीने बुजवू नये. काही ठिकाणी ‘मातीला माती, राखेला राख, धुळीला धूळ’ हे शब्द संपायच्या आत यंत्राची सोंड फिरते आणि पाच मिनिटांत वर उंचवटा तयार होतो. विधवेच्या हातात घेतलेली माती हातातच राहते. ती मूठभर माती टाकण्यासाठी लोकांना वीस मिनिटे द्यावीत. आधी घरच्यांनी, मग नातवंडांनी, मग शेजाऱ्यांनी, त्यात हिंदू-मुसलमान शेजारीही. पेटीच्या लाकडावर ओली माती पडण्याचा जो आवाज असतो तो ऐकल्याशिवाय पाळकाचे ‘पुनरुत्थानाच्या निश्चित व दृढ आशेने’ हे पुढचे शब्द कळत नाहीत. जुन्या ख्रिस्ती रीतीत पाय पूर्वेकडे ठेवून पुरतात, म्हणजे उठणारा माणूस उगवतीकडे तोंड करून उठेल. नवीन ओळी आखताना दफनभूमीच्या कमिटीने जागेच्या सोयीने दिशा बदलण्याआधी एवढे लक्षात घ्यावे. जागा अपुरी आहेच. कॅथोलिक चर्चने १९६३पासून दहनाला परवानगी दिली आहे. २०१६च्या सूचनेप्रमाणे मात्र अस्थी-राख विसर्जित न करता पवित्र जागी जपून ठेवायची असते. दहन केल्याने पुनरुत्थान अडत नाही, पण ‘सोडून दिले, संपले’ हा अर्थ त्याला येऊ नये, एवढाच त्या अटीचा रोख आहे.

‘आरआयपी’बद्दलही एक सांगावेसे वाटते. ही अक्षरे जुन्या लॅटिन प्रार्थनेची आहेत: शांतीने विसावा घेवो. विसावा घेणारा उठतो, म्हणून तो शब्द. दफनभूमीला इंग्रजीत जो शब्द आहे त्याच्या मुळाशी ग्रीकमधले निजण्याचे ठिकाण आहे. आणि आपल्या मराठीत ‘प्रभूमध्ये निजले’ हा प्रयोग आजही जिवंत आहे. म्हाताऱ्या बायका तो सहज वापरतात. तीन अक्षरांपेक्षा हे दोन शब्द मोबाईलवर टाइप करायला दहा सेकंद जास्त लागतात.

मुलांशी बोलताना तर फार जपावे लागते. ‘देवाला चांगली माणसे लवकर हवी असतात’ हे वाक्य दिलाशासाठी बोलले जाते आणि सात वर्षांच्या मुलाला त्यातून एवढेच कळते की देवाने माझी आई नेली, आणि चांगले वागलो तर मलाही नेईल. ‘आई तारा झाली’ हे शास्त्रात कुठेच नाही, आणि मूल दहा वर्षांचे झाले की त्याला विज्ञानाच्या पुस्तकात तारा म्हणजे काय ते कळते. मग त्याच दिवशी आईबरोबर स्वर्गही खोटा ठरतो. मुलाला थोडे आणि खरे सांगावे: आई मेली. तिचे शरीर या मातीत आहे. ती येशूजवळ आहे. येशू कबरीतून उठला तसा तो तिलाही उठवणार आहे, तेव्हा तू तिला भेटशील. आम्हालाही तिची आठवण येते. एवढे पुरते, आणि हे सहा महिन्यांत वीस वेळा सांगावे लागते. मुलाला कबरीपासून दूर ठेवू नये. शेजारच्या घरी कार्टून लावून बसवलेल्या मुलासाठी आई फक्त नाहीशी होते.

दृढीकरणाच्या, म्हणजे वाढत्या मुलांना विश्वासाची कबुली देण्यासाठी तयार करणाऱ्या, वर्गात हा विषय बहुतेक शेवटच्या दिवशी, फॉर्म भरता भरता येतो. बारा पाठांपैकी तीन तरी याला हवेत: ख्रिस्ताचे पुनरुत्थान आणि त्याची साक्ष, आपल्या शरीराचे पुनरुत्थान, आणि न्याय व नवी पृथ्वी. तिसऱ्या पाठानंतर मुलांना दफनभूमीत न्यावे, जुन्या दगडांवरची वचने वहीत उतरवून घ्यायला लावावीत. गीतांचीही एक साधी तपासणी करता येते. मागच्या चार रविवारी गायलेली सोळा-वीस गीते कागदावर लिहा आणि पुनरुत्थान, प्रभूचे पुनरागमन किंवा सार्वकालिक जीवन किती गीतांत आहे ते मोजा. एक-दोनवर आकडा थांबला तर समजावे की आरोग्य, नोकरी आणि आशीर्वाद यांनी आशेची जागा घेतली आहे. ते काम बाहेरच्या इहवादाने केलेले नाही, आमच्या गायनपथकाने केले आहे.

कॅथोलिक आणि प्रॉटेस्टंट इथे एका मुद्द्यावर वेगळे आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. मृतांसाठी प्रार्थना करावी की नाही, शुद्धीस्थान (मृतांचे आत्मे स्वर्गाआधी शुद्ध होतात ती अवस्था) आहे की नाही, यावर एकमत होणार नाही. पण मतांगीकाराची शेवटची ओळ दोघांची एकच आहे. बेळगावसारख्या शहरात, जिथे दोन्ही मंडळ्यांची लग्ने आणि मयते एकमेकांत मिसळलेली आहेत, तिथे त्या ओळीवर एकत्र उभे राहता येते.

वर्षातून दोन दिवस त्यासाठी आयतेच मिळतात. एक ईस्टरची पहाट. उजाडायच्या आधी दफनभूमीत जमून, सूर्य वर येताना ‘प्रभू उठला आहे’, ‘खरोखर उठला आहे’ असे एकमेकांना म्हणणे. यासाठी मंडप, साऊंड सिस्टीम काही लागत नाही, लागतो तो टॉर्च, कारण एप्रिलमध्ये पहाटे पाचला अंधार असतो आणि गवतात साप असतात. दुसरा २ नोव्हेंबर, कॅथोलिकांचा मृतांचा दिवस. आदल्या दिवशी, १ नोव्हेंबरला, सर्व संतांचा सण असतो. त्याच दिवशी रस्त्यावर एकीकडे राज्योत्सवाच्या लाल-पिवळ्या पताका आणि दुसरीकडे काळा दिन. दुसऱ्या दिवशी सायंकाळी माणसे झेंडू आणि मेणबत्त्या घेऊन कबरींकडे जातात, गवत उपटतात, चुना मारतात. मराठी कबर कोणती आणि कन्नड कोणती हे त्या उजेडात फक्त दगडावरच्या अक्षरांवरून कळते.

त्या अक्षरांबद्दल एक सूचना करून थांबतो. दगड घडवायला देताना बहुतेक घरांतून नाव, जन्म, मृत्यू आणि ‘स्वर्गवासी’ एवढेच सांगितले जाते. ‘स्वर्गवासी’च्या जागी ‘पुनरुत्थानाच्या आशेत विसावले’ असे कोरून घ्यावे आणि खाली एक वचन. योहान ११:२५ लहान आहे, दोन ओळींत मावते. नातवंडे कन्नड माध्यमात शिकत असतील तर तेच वचन मराठीखाली कन्नडमध्येही घालावे. पाथरवटाला दोन्ही लिपींतला मजकूर कागदावर स्वच्छ लिहून द्यावा, कारण फोनवर सांगितलेल्या वचनात काना-मात्रेच्या चुका हमखास होतात आणि त्या दगडावरून पुसता येत नाहीत. अक्षरे पाव इंच तरी खोल घ्यावीत. इथल्या पावसात रंग तीन-चार वर्षांत उडतो, कोरलेले राहते. आणि खाली वीतभर जागा मोकळी सोडावी, कारण त्याच कुटुंबातले पुढचे नाव कधी तरी तिथे यायचे असते.